गाड्या एकमेकींशी बोलतील, पण एकमेकींचं काम करतील का? उत्तर लपलंय गेम थिअरीत

रात्रीच्या वेळी घाटात समोरून येणारा ट्रकवाला दोनदा डिपर मारतो. अनुभवी ड्रायव्हरला लगेच कळतं की पुढे काहीतरी आहे. दरड कोसळली असेल, कंटेनर बंद पडला असेल, गुरं रस्त्यात बसली असतील, नाहीतर पोलीस उभे असतील. तो मुकाट्याने वेग कमी करतो.

आता यात त्या ट्रकवाल्याचा फायदा काय? काहीच नाही. ज्याला इशारा दिला तो बहुतेक आयुष्यात पुन्हा भेटणारही नाही. तरी डिपर दिला जातो. एक तर त्याला खर्च येत नाही, आणि दुसरं म्हणजे उद्या आपल्यालाही असाच कोणीतरी इशारा देईल, असा भरवसा असतो.

पण हेच काम गाड्यांमधल्या कॉम्प्युटरवर सोपवलं तर? माणुसकी, भरवसा, रस्त्यावरचा भाईचारा हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये कुठून आणायचं? गेली वीस-पंचवीस वर्षं जगभरातले इंजिनिअर या प्रश्नावर डोकं लढवतायत, आणि त्यासाठी त्यांनी हत्यार निवडलंय ते गणितातलं. त्याचं नाव गेम थिअरी.

गाड्यांचं नेटवर्क म्हणजे नेमकं काय?

मोबाइलला बोलायला टॉवर लागतो. गाड्यांचं नेटवर्क मात्र टॉवरशिवायही चालू शकतं. प्रत्येक गाडीत एक छोटा रेडिओ बसवलेला असतो. तो सेकंदाला साधारण १० वेळा आजूबाजूला सांगत राहतो, की मी इथे आहे, माझा वेग इतका आहे, या दिशेने चाललोय, आत्ता ब्रेक मारलाय. अशा नेटवर्कला ‘व्हॅनेट’ म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक गाडीला ‘नोड’.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९९ मध्येच यासाठी ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली ७५ मेगाहर्ट्झ जागा राखून ठेवली होती. २०१० मध्ये गाड्यांसाठी वायफायचा खास प्रकार ठरला, त्याचं नाव ८०२.११पी. जपानमध्ये टोयोटाने २०१५ मध्ये अशी सोय असलेल्या गाड्या विकायला काढल्या. युरोपात २०१९ मध्ये आलेल्या आठव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमध्येही ही सोय होती.

आता खरी गोष्ट. या रेडिओचा पल्ला साधारण ३०० मीटर धरला जातो. समजा दाट धुक्यात एक्सप्रेसवेवर चार गाड्या एकमेकींवर आदळल्या. मागे २ किलोमीटरवर १०० च्या वेगाने येणाऱ्या बसला हे कळवायचंय. एका उडीत संदेश पोहोचणार नाही. मधल्या किमान सहा गाड्यांनी तो ऐकायचा आणि पुढे ढकलायचा, तेव्हा कुठे तो बसपर्यंत जाणार.

त्या सहांपैकी एकीने जरी ‘मला काय त्याचं’ म्हटलं, आणि आसपास दुसरी गाडी नसली, तर साखळी तुटली. बसच्या ड्रायव्हरला धुक्यातून समोर काय येतंय हे थेट डोळ्यांनीच कळणार.

पण गाडी कशाला नाही म्हणेल?

गाडी स्वार्थी नसते, सेटिंग स्वार्थी असू शकतं.

मोबाइलमध्ये दुसऱ्याचा संदेश पुढे पाठवायला बॅटरी खर्च होते. गाडीत तो प्रश्न नाही, इंजिन किंवा मोठी बॅटरी असतेच. पण दुसरे खर्च आहेत. हवेतली रेडिओची वाट सगळ्यांना मिळून एकच. दुसऱ्याचा संदेश पाठवताना आपला संदेश थांबतो. कॉम्प्युटरची ताकद खर्च होते. शिवाय दर वेळी रेडिओ वापरला की ‘ही गाडी आत्ता इथे आहे’ हेही जगाला कळतं.

निकडीच्या इशाऱ्यासाठी हा खर्च किरकोळ आहे. पण गाड्या फक्त इशारेच देणार नाहीत. पुढच्या ट्रकच्या कॅमेऱ्याला दिसणारं दृश्य मागच्या कारला देणं, ट्रॅफिकचा नकाशा वाटणं, एकीने डाउनलोड केलेली फाइल दुसरीला देणं, असं बरंच काही या नेटवर्कवर करायचा विचार आहे. माल जड झाला की हमाली टाळायचा मोहही वाढतो. एखाद्या कंपनीने किंवा हौशी मेकॅनिकने सॉफ्टवेअरमध्ये एवढाच बदल केला, की ‘सगळ्यांचं घे, कोणाचं पुढे देऊ नको’, तर त्या गाडीला सगळे फायदे फुकट मिळतात.

एसटी, टेम्पो आणि कैद्यांची कोंडी

समजा रस्त्यावर एक एसटी आहे आणि एक टेम्पो. एसटीचा संदेश टेम्पोने पुढे न्यायचाय आणि टेम्पोचा एसटीने. आपला संदेश पोहोचला तर ३ गुणांचा फायदा. दुसऱ्याचा वाहून नेला तर १ गुणाचा खर्च.

दोघांनी एकमेकांचं काम केलं, तर प्रत्येकाला ३ वजा १, म्हणजे २ गुण. दोघांनीही टाळलं, तर दोघांना शून्य. एसटीने काम केलं आणि टेम्पोने हात वर केले, तर टेम्पोला पूर्ण ३ गुण आणि एसटीला उलट १ गुणाचा तोटा.

आता टेम्पोच्या बाजूने विचार करा. एसटी मदत करणार असेल, तर टाळलेलं बरं, कारण २ ऐवजी ३ मिळतात. एसटी मदत करणार नसेल, तरी टाळलेलंच बरं, कारण वजा १ पेक्षा शून्य चांगला. एसटीही नेमका हाच हिशेब करते. दोघंही शहाणे, दोघांचंही गणित बरोबर, आणि निकाल काय? शून्य-शून्य. दोघांना दोन-दोन गुण मिळू शकत होते, ते कोणालाच मिळाले नाहीत.

गेम थिअरीत या पेचाला कैद्यांची कोंडी म्हणतात. १९५० मध्ये अमेरिकेतल्या रँड संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी हा खेळ मांडला आणि आल्बर्ट टकर या गणितज्ञाने त्याला कैद्यांच्या गोष्टीचं रूप दिलं. जिथून कोणालाच एकट्याने चाल बदलून फायदा होत नाही, अशा अवस्थेला ‘नॅश समतोल’ म्हणतात. ज्यांना १९९४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या जॉन नॅश यांचं नाव त्याला दिलंय. वरच्या खेळात समतोल नेमका त्या शून्य-शून्यावर आहे. म्हणजे नेटवर्क बंद पडणं हा अपघात नाही, तर नियम तसेच ठेवले तर तिथेच जाऊन पोहोचायचं असतं.

पुन्हा गाठ पडणार असेल तर?

वरचं गणित एकदाच खेळायच्या खेळाचं आहे. गावातला दुकानदार गिऱ्हाइकाला सहसा फसवत नाही, कारण गिऱ्हाईक उद्या परत येणार असतं.

मिशिगन विद्यापीठातले रॉबर्ट अॅक्सलरॉड यांनी १९८० च्या सुमारास याची कॉम्प्युटरवर स्पर्धाच भरवली. हाच खेळ वारंवार खेळणारे प्रोग्रॅम त्यांनी तज्ज्ञांकडून मागवले. पहिल्या फेरीत १४ प्रवेशिका आल्या, दुसरीत ६२. दोन्ही वेळा जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट यांचा सगळ्यात साधा प्रोग्रॅम. त्याचा नियम म्हणजे आपलं ‘जशास तसे’. पहिल्या चालीत मदत करायची. नंतर समोरच्याने मागच्या वेळी जे केलं, तेच त्याला परत द्यायचं.

आपल्या एसटी-टेम्पोच्या खेळात हे घालून बघू. टेम्पोने आज टाळलं तर त्याला १ गुण जास्त मिळतो. पण एसटी उद्यापासून त्याचं काम बंद करते, म्हणजे पुढच्या प्रत्येक भेटीत त्याचं २ गुणांचं नुकसान. हिशेब केला तर असं निघतं, की पुन्हा गाठ पडायची शक्यता एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल, तर लबाडी परवडत नाही. समोरचा सज्जन असायची गरज नाही, फक्त तो पुन्हा भेटला पाहिजे.

हे नुसतं कागदावरचं नाही. २००० साली ग्नुटेला नावाच्या फाइल वाटपाच्या नेटवर्कचा अभ्यास झाला. त्यात सुमारे ७० टक्के लोक स्वतः एकही फाइल देत नव्हते, नुसतं घेत होते. २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी बिटटोरेंट आणलं आणि त्यात ‘जशास तसे’ नियमच करून टाकला. जो देतो त्याला वेगाने मिळतं. आणि नव्याने आलेल्यालाही संधी मिळावी म्हणून अधूनमधून एखाद्या अनोळखीला फुकट दिलं जातं. टोरेंट वापरणारे लाखो लोक अचानक उदार झाले नव्हते, फक्त खेळाचे नियम बदलले होते.

रस्ता म्हणजे टोरेंट नव्हे

मग हेच गाड्यांना लावून मोकळं व्हावं की! इथेच गोची होते.

समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या प्रत्येकी १०० किलोमीटरच्या वेगाने चालल्यात असं धरा. एकमेकींच्या हिशेबाने त्यांचा वेग झाला ताशी २००. रेडिओचा पल्ला दोन्ही बाजूंना ३००-३०० मीटर, म्हणजे एकूण ६०० मीटर. हे अंतर संपायला लागतात जेमतेम ११ सेकंद. एवढ्यात ओळख, मदत आणि परतफेड कशी व्हायची?

एकाच दिशेने जाणाऱ्या गाड्यांचं मात्र वेगळं आहे. एक ८० ने आणि दुसरी ८५ ने चालली असेल, तर तेच ६०० मीटर संपायला सात मिनिटं लागतात. सेकंदाला १० संदेश धरले तर सात मिनिटांत चार हजारांवर संदेश होतात. इथे ‘पुन्हा गाठ’ खरोखर पडते. म्हणूनच बरेच संशोधक एकत्र प्रवास करणाऱ्या गाड्यांचे गट बनवायचा विचार करतात. पंढरीच्या वारीत दिंडीतले लोक एकमेकांचं सामान सांभाळतात, तसाच हा प्रकार. दिंडी संपेपर्यंत सोबत राहायचंय, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पण समोरून येणाऱ्या, भर्रकन निघून जाणाऱ्या गाडीचं काय? तिच्यासाठी दोन वेगळे उपाय पुढे आले.

पहिला उपाय: मेहनताना द्या

स्वित्झर्लंडमधल्या ईपीएफएल या संस्थेतले लेवेन्टे बुत्यान आणि ज्याँ-पिएर उबो यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘नगलेट’ नावाचं आभासी नाणं सुचवलं. दुसऱ्याचा संदेश वाहिला की नाणं मिळणार, आणि आपला संदेश पाठवायचा तर नाणं मोजावं लागणार. म्हणजे नुसतं फुकट घेणाऱ्याचा खिसा लवकरच रिकामा.

२००३ मध्ये ‘स्प्राइट’ नावाची दुसरी पद्धत आली. त्यात प्रत्येक नोड पावत्या जपून ठेवतो आणि नंतर एका मध्यवर्ती पेढीकडे जमा करतो. पेढी जमा-खर्च लावते. खोटी पावती लावून फायदाच होऊ नये अशा बेताने मेहनतान्याचे दर ठरवलेले असतात. या दोन्ही कल्पना आधी एकूणच बिनटॉवरच्या नेटवर्कसाठी होत्या, गाड्यांच्या नेटवर्कने त्या पुढे उचलल्या.

यात पुन्हा भेटायची गरज उरत नाही. एका गाडीला मदत केली, तरी मोबदला भलत्याच ठिकाणी वापरता येतो.

दुसरा उपाय: नाव लक्षात ठेवा

२००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘वॉचडॉग’ ही युक्ती मांडली. संदेश दिल्यावर कान टवकारून बसायचं आणि शेजाऱ्याने तो खरंच पुढे पाठवला का, हे ऐकायचं. न पाठवणाऱ्याचं नाव खराब होतं आणि त्याला वगळून दुसरी वाट शोधली जाते.

पण रेडिओचा भरवसा नाही. मध्ये ट्रक आला, दोन संदेश एकमेकांवर आदळले, तर शेजाऱ्याने काम करूनही ते ऐकू येत नाही. मग विनाकारण संशय. कडक ‘जशास तसे’ लावलं तर एका गैरसमजातून दोघं कायमचे एकमेकांवर रुसून बसतात. म्हणून थोडं उदार ‘जशास तसे’ वापरायचं सुचवलं जातं. अधूनमधून एखादी चूक पोटात घालायची. गणितानेही शेवटी तेच सांगितलं जे घरातली मोठी माणसं सांगतात, की दर वेळी उट्टं काढू नये.

९९ मोबाइल आणि एक हातगाडी

नावावर विश्वास ठेवायचा, तर नाव खरं पाहिजे.

२०२० मध्ये सायमन वेकर्ट या जर्मन कलाकाराने एक प्रयोग जाहीर केला. त्याने ९९ जुने स्मार्टफोन एका छोट्या हातगाडीत भरले, सगळ्यांवर गूगल मॅप्स सुरू केलं आणि ती गाडी ओढत बर्लिनच्या रस्त्यांवरून निवांत चालला. नकाशाला वाटलं ९९ गाड्या मुंगीच्या गतीने सरकतायत. मोकळा रस्ता नकाशावर लाल झाला.

एकाने अनेक नावं धारण करून नेटवर्कला फसवणं, याला सिबिल हल्ला म्हणतात. गाड्यांच्या नेटवर्कमध्ये हे घडलं तर एखादा महाभाग ‘पुढे जाम आहे’ असं ५० खोट्या गाड्यांच्या तोंडून वदवून स्वतःसाठी रस्ता मोकळा करून घेऊ शकतो.

यावर उपाय म्हणजे सरकारमान्य डिजिटल प्रमाणपत्र. पण गाडीला एकच कायमचं ओळखपत्र दिलं, तर कोण कधी कुठे गेलं याची नोंद कोणालाही ठेवता येईल. दवाखाना, वकील, युनियनची बैठक, सगळंच. म्हणून अमेरिकेत आखलेल्या व्यवस्थेत प्रत्येक गाडीला आठवड्याला २० टोपण प्रमाणपत्रं द्यायची योजना आहे. गाडी ती आलटून पालटून वापरते.

आता गंमत बघा. सहकार्यासाठी नाव लक्षात राहायला हवं. आणि खासगीपणासाठी नाव विसरलं जायला हवं. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं. या संशोधनातला सगळ्यात अवघड पेच हाच. आणि तो फक्त गणिताचा नाही. रस्त्यावरच्या माणसाच्या हालचाली कोणाला माहीत असाव्यात, हा प्रश्न शेवटी समाजानेच सोडवायचा आहे.

सगळेच एकदम बोलले तर?

लग्नाच्या हॉलमध्ये बँड सुरू झाला की प्रत्येक जण शेजाऱ्याशी ओरडून बोलतो. सगळेच ओरडतात, आणि कोणालाच काही ऐकू येत नाही. गाड्यांचंही तसंच होऊ शकतं.

एक संदेश ३०० बाइटचा धरला आणि सेकंदाला १० संदेश, तर एक गाडी सेकंदाला २४ हजार बिट पाठवते. या रेडिओचा नेहमीचा वेग आहे सेकंदाला ६० लाख बिट. म्हणजे अगदी आदर्श स्थितीतही २५० गाड्यांत हवेतली वाट तुडुंब भरते. आठ पदरी रस्त्यावर जाम लागला, तर ६०० मीटरच्या टप्प्यात याच्या दुप्पट गाड्या सहज उभ्या असतात.

अशा वेळी प्रत्येक गाडीला वाटणार, आपण आवाज वाढवावा, संदेश जास्त वेळा पाठवावा. एकटीने केलं तर फायदा, सगळ्यांनी केलं तर सत्यानाश. म्हणून इथे मर्जीवर काहीच सोडलेलं नाही. गर्दी वाढली की प्रत्येक गाडीने आपोआप बोलणं कमी करायचं, असा नियम युरोपच्या मानकांमध्येच घातलेला आहे.

कंपन्याही त्याच कोंडीत

हा पेच गाड्या बनवणाऱ्यांनाही चुकलेला नाही. रस्त्यावरच्या १० टक्के गाड्यांत हे यंत्र असेल, तर भेटणाऱ्या दोन्ही गाड्यांत ते असण्याची शक्यता फक्त १ टक्का. म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकाने पैसे मोजायचे आणि फायदा मात्र पुढच्यांना. मग पहिला कोण होणार?

अशा वेळी सगळ्यांना एकदम हलवणारा नियम लागतो. अमेरिकेने डिसेंबर २०१६ मध्ये नव्या गाड्यांत हे यंत्र सक्तीचं करायचा प्रस्ताव मांडलाही होता, पण त्याचा नियम कधी झालाच नाही. २०२० मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने राखीव ७५ पैकी ४५ मेगाहर्ट्झ वायफायसारख्या वापराला देऊन टाकले आणि उरलेले ३० मोबाइल तंत्रज्ञानावर चालणाऱ्या नव्या पद्धतीसाठी ठेवले. वीस वर्षं एकमेकांची वाट पाहण्यात गेली आणि हातातली जागा निम्म्याहून कमी झाली. शून्य-शून्यचा खेळ प्रत्यक्षात कसा दिसतो, त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

म्हणून यापुढे ‘कनेक्टेड कार’ची जाहिरात दिसली, की स्क्रीन किती इंचाची आहे याच्या पलीकडचेही दोन प्रश्न विचारायला हवेत. ही गाडी दुसऱ्या कंपनीच्या गाडीशी बोलते का? आणि तिने काय सांगायचं, काय लपवायचं, हे ठरवतं कोण? कारण धुक्यातल्या त्या बसपर्यंत इशारा पोहोचणार की नाही, हे मधल्या गाड्यांच्या चांगुलपणावर अवलंबून नसेल. ते अवलंबून असेल कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या नियमांवर. दुसऱ्याला मदत करणं हेच स्वतःच्याही फायद्याचं ठरेल, असे ते नियम असले तर संदेश पोहोचेल. नसले, तर जगातला सगळ्यात महागडा रेडिओही गप्प बसेल.